पाय की पट्ट्या? जुन्या फर्निचरमधून नाताळचं छोटं झाड

नाताळचं झाड घरीच करायचं ठरवलं आणि माळ्यावर मोडकं फर्निचर पडलेलं असलं, की दोन वाटा दिसतात. एक म्हणजे टेबल-खुर्चीचा कातीव, म्हणजे लेथवर गोल घडवलेला पाय उलटा उभा करायचा. दुसरी म्हणजे पलंगाच्या किंवा खुर्चीच्या पाठीच्या पट्ट्या उतरत्या लांबीत कापून एका सळईत ओवायच्या. प्लायवूडचा त्रिकोण कापून त्याला हिरवा रंग फासणं ही तिसरी वाट आहे म्हणतात, पण ती मी झाडात धरत नाही.

आमच्या वसईत पूर्वी हा प्रश्नच नव्हता. सुरूची फांदी आणली की काम झालं. आता किनाऱ्यावरची सुरूची बनं राखलेली आहेत, आणि ती राखायलाच हवीत. शिवाय घरात आणलेली सुरूची फांदी लवकर वाळते आणि नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यातल्या मेंढरांवर काड्या गाळत बसते. म्हणून लाकडाचं झाड. मी दोन्ही प्रकारची केली आहेत, दोन्ही घरात आहेत, आणि करवत-ड्रिल तुम्हाला चालवता येतं असं धरूनच पुढचं लिहितो.

आधी पट्ट्यांविषयी, कारण पहिल्या नजरेत तेच झाड जिंकतं. सगळ्यांत खालची पट्टी फूटभर, वरची जेमतेम दोन इंच, प्रत्येकीच्या बरोबर मध्यावर भोक आणि आरपार आटे पाडलेली सळई. दोन पट्ट्यांमध्ये पडद्याच्या जुन्या लाकडी दांड्याचे तुकडे घातले की उंची मिळते. पट्ट्या आळीपाळीने आडव्या-उभ्या फिरवल्या की चारी बाजूंनी झाड. टोकांना चांदण्या, घंटा, काय हवं ते लटकवता येतं. आणि सहा जानेवारीला तीन राजांचा सण झाला की सगळ्या पट्ट्या एका रेषेत फिरवून झाड कपाटामागे सरकवता येतं. वन बीएचकेत राहणाऱ्याला हा मुद्दा किती मोठा आहे हे मी सांगायला नको. लाकूडही सहज मिळतं, कारण मोडक्या पलंगाच्या पट्ट्या कुणी सांभाळून ठेवत नाही. फक्त घेताना उन्हात आपटून ढेकणांचं तेवढं बघून घ्या, आणि कापण्याआधी लोहचुंबक फिरवा. मोडून आत राहिलेला खिळा ड्रिलचं टोक खातो.

मग अडतं कुठे? पट्ट्या फिरतात.

झाड करता तेव्हा नट करकचून आवळलेला असतो आणि सगळं घट्ट वाटतं. पावसाळ्यात लाकूड दमट होऊन फुगतं, पण नटामुळे त्याला वर सरकायला जागा नसते, म्हणून ते जागच्या जागी दबतं. डिसेंबरात हवा कोरडी झाली की तेच लाकूड आकसतं, आणि दबलेला भाग काही परत वर येत नाही. एका पट्टीत हा फरक डोळ्याला दिसणार नाही. सगळ्या पट्ट्यांचा मिळून मात्र चांगलाच होतो. मी मोजपट्टी लावलेली नाही, पण नट दर नाताळात जवळजवळ एक अख्खा फेरा जास्त आत जातो, यावरून काय ते समजा. (दांड्याच्या तुकड्यांचा इथे दोष नाही. त्यांचे तंतू उभे असतात आणि लाकूड लांबीच्या दिशेने फारसं हलत नाही. हलतात त्या आडव्या पट्ट्या, जाडीत.)

एवढ्याशा सैलपणाने काय होतं, तर खालची पट्टी जाणाऱ्या-येणाऱ्याच्या ओढणीत अडकते आणि पूर्वेची उत्तरेला जाते. लाइटची माळ गुंडाळताना एक टोक जरा ओढलं की वरच्या चार पट्ट्या एकामागोमाग फिरतात आणि झाडाचा गोल जिना होतो. ते सरळ करावं, तर माळ सैल पडते. माळ ताणावी, तर पुन्हा जिना. पाहुणे येतात, कुलकुलची बशी एका हातात आणि दुसऱ्या तुपकट हाताने ‘हे फिरतं का?’ म्हणून पट्टी फिरवून बघतात. प्रत्येक जण बघतो. सणाच्या दिवसांत जाता-येता झाड सरळ करत बसणं हे ज्याला चालेल त्याला चालेल, मला ते डोक्यात जातं.

यावर उपाय नाहीत असं नाही. स्प्रिंग वॉशर घातला की फरक पडतो, थोडा. नायलॉनचा लॉक नट जागचा हलत नाही हे खरं, पण लाकूडच आकसलं तर तो बिचारा काय करणार? गोंदाने चिकटवलं किंवा दुसरं भोक पाडून बारीक खुंटी मारली तर पट्ट्या कायमच्या बसतात, पण मग झाड मिटत नाही, आणि मिटणार नसेल तर पट्ट्यांचा खटाटोप कशासाठी?

आता पाय. कातीव पायाचा आकार कातारीने आधीच करून ठेवलेला असतो: गोळे, वाट्या, गळे आणि खाली निमुळता होत गेलेला दांडा. उलटा केला की निमुळतं टोक वर जातं. वरचा चौकोनी ठोकळा, ज्यात टेबलाच्या आडव्या फळीचं कुसू (खाचेत बसणारं टोक) बसलेलं असतं, तो खाली येऊन बुंधा होतो. हा ठोकळा मूळ सुताराने काटकोनात कापलेला असल्याने झाड सरळ उभं राहतं. कुसवाची रिकामी खाच मी बुजवत नाही. बोटभर उंचीचा बाळ येशू तिच्यात नेमका मावतो. दुसरी सोय अशी की जुन्या पायांचा खालचा इंच-दोन इंच भाग लादी पुसून पुसून काळा पडलेला, कधी कुजलेलाही असतो. उलट्या झाडात तो शेंड्याला येतो आणि करवतीच्या एका हाताने जातो. तिथेच चांदणी बसवायची. लाइटची माळ गळ्यांमध्ये आपसूक बसते, आणि ओढली तरी काही फिरत नाही.

उणेपणाही सांगतो. एकटा पाय पायच दिसतो. टेबलाचा, खुर्चीचा आणि टीपॉयचा असे तीन उंचीचे पाय शेजारी उभे केले, की मग बघणारा झाडं म्हणतो. टेबलाच्या पायाला खालून आधार हवा, नाहीतर मांजराच्या एका धक्क्याने जाईल. खणाची जुनी दर्शनी फळी घ्या आणि खालून स्क्रू मारून तिन्ही पाय तिच्यावर बसवा. फांद्या नसल्याने दागिने टांगायला छोट्या पितळी हुका लागतात. आणि माळ्यावर हे झाड जागा अडवतं ते अडवतंच.

खरा वैताग जुन्या रंगाचा. पट्टी सपाट असते, पत्र्याने खरवडली की स्वच्छ. पायाच्या खाचांत मात्र ऑइल पेंटचे थर वर्षानुवर्षं साचलेले असतात आणि तिथे काचपेपर पोचत नाही. आधी कापसाला स्पिरिट लावून एका कोपऱ्यात घासून बघा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश आहे, ते स्पिरिटनेच निघेल, आणि गळ्यांमधलं काढायला सुतळी स्पिरिटमध्ये भिजवून ताकासारखी घुसळायची. काहीच झालं नाही तर रंग समजा, आणि तो कोरडा घासू नका. घरगुती रंगांतलं शिसं दहा लाख भागांत 90 भागांच्या आत आणणारे नियम आपल्याकडे 2016 चे, म्हणजे माळ्यावरची बरीच टेबलं त्याच्या आधीची. ओला काचपेपर वापरा, मास्क लावा, पोरांना लांब ठेवा. किंवा रंग घट्ट असेल तर सरळ तसाच ठेवून त्यावर पारदर्शक वॉर्निश मारा. जुना हिरवा रंग निघाला तर दुधात साखर.

काम किचकट आहे, नाकारत नाही. पण ते एकदाच करायचं असतं. पट्ट्यांचं दुखणं दर डिसेंबरला नव्याने उठतं. चर्चच्या मुलांकडून हातकाम करून घ्यायचं असेल, किंवा घरात खरोखरच वीतभर जागा नसेल, तर पट्ट्याच घ्या आणि नटाला लागेल तो पाना झाडाजवळच ठेवा. बाकीच्यांना मी पायच सुचवीन, निदान आधी ते शोधून बघा म्हणेन.

शोधायला जोगेश्वरीचं ओशिवरा फर्निचर मार्केट आणि चोर बाजारातली मटण स्ट्रीट या ठरलेल्या जागा, पण गावातला भंगारवाला आणि जुनं घर पाडणारा कंत्राटदार यांना आधी विचारा. ‘चार पाय द्या’ म्हटलं की भाव चढतो. चौकडी फुटली म्हणून कोपऱ्यात टाकलेले सुटे पाय मागा, तेही वेगवेगळ्या उंचीचे. अख्खी शिसवी खुर्ची घेऊन कापू नका, ती दुरुस्त होते. पाय हातात आला की जमिनीवर दोनदा आपटा. बारीक भोकांतून पिठासारखी भुकटी पडली तर आत किडा अजून खातोय. तो तिथेच ठेवून दुसरा उचला.