रोझ की क्ले?

टिळकवाडीत संध्याकाळचा खेळ आटोपला की चहाच्या टपरीवर हा वाद ठरलेला: एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधल्या या दोघांपैकी दुखापतीनंतरचं पुनरागमन कुणाचं मोठं? क्ले थॉम्पसनच्या डाव्या गुडघ्याचा एसीएल (सांधा स्थिर ठेवणारा अस्थिबंध) 2019 मध्ये गेला, 2020 मध्ये उजव्या पायाचा अकिलीस (टाचेमागची जाड शीर). जानेवारी 2022 मध्ये परतला, जूनमध्ये विजेता. पण तो मुळात लांबून बास्केट टाकणारा. वेग घटला तरी हात शाबूत होता.

डेरिक रोझचं सगळं उसळीवर आणि भरधाव धावताना दिशा बदलण्यावर. 2011 मध्ये एनबीएचा सर्वांत तरुण एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू), 2012 मध्ये डावा एसीएल, पुढच्याच वर्षी उजवा गुडघा. तरी 2018 मध्ये यूटा संघाविरुद्ध पठ्ठ्याने 50 गुण ठोकले!

नी-कॅप चढवून खेळणारा आमचा खानापूरचा गडी क्लेच्या बाजूने. माझं मत रोझलाच. क्लेकडे विजेतेपदं चार आणि रोझकडे एकही नाही, हे ऐकवलं जातंच म्हणा.