बी.ए. मानसशास्त्रानंतर: क्लिनिकल, समुपदेशन की संशोधन?

मानसशास्त्र घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलामुलींना तिसऱ्या वर्षात ‘पुढे काय?’ या प्रश्नानं घेरलेलं असतं. सल्ला देणारे बहुतेक जण पगारापासून सुरुवात करतात. माझं मत वेगळं आहे. त्या वाटेवर रोज नेमकं काय काम करावं लागतं, कोणते प्रश्न विचारावे लागतात, हे आधी बघा. तुमचा पिंड तिथेच कळतो.

एक उदाहरण घेऊ. हिंगोलीकडच्या खेड्यातून नीटच्या तयारीसाठी लातूरला आलेला मुलगा. रूमवर राहतो, मेसचा डबा खातो. काही महिन्यांपासून झोप उडालीय, टेस्टच्या आदल्या रात्री छातीत धडधडतं.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आधी हे ठरवतो की हा आजार आहे का, असेल तर कोणता आणि किती गंभीर. कधीपासून होतंय, भूक-वजन कसं आहे, घरात कुणाला असा त्रास होता का, थायरॉईडसारखं शारीरिक कारण तपासलंय का, मरणाचे विचार येतात का, हे सगळं तो क्रमानं विचारतो. गरजेप्रमाणे चाचण्या घेतो, अहवाल लिहितो, थेरपी देतो. औषधं मात्र एम.बी.बी.एस.नंतर एम.डी. केलेला मनोविकारतज्ज्ञ देतो. घरी-दारी या दोघांची फार गल्लत होते.

समुपदेशक ‘यंदा नंबर लागला नाही तर वडिलांना तोंड कसं दाखवू?’ या भीतीपासून सुरू करेल. कार्ल रॉजर्सच्या मानवतावादी वळणाचा असेल तर कसलाही निवाडा न करता आधी ऐकून घेईल. अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ पद्धतीचा असेल तर ‘नंबर लागला नाही म्हणजे मी कवडीमोल’ हा समज मुलासोबत बसून तपासेल. महाराष्ट्रात ही पद्धत कि. मो. फडके यांच्यामुळे बऱ्याच वाचकांना माहीत आहे. वर्तनवादी मात्र विचारेल, अंथरुणात पडून मोबाईल किती वेळ बघतोस? गादी आणि जागरण यांची सांगड बसली असेल तर ती आधी मोडावी लागते. परीक्षेत हे दृष्टिकोन वेगवेगळ्या टिपांमध्ये येतात, पण कामात चांगला समुपदेशक तिन्ही वापरतो.

संशोधकाचं एका मुलावर भागत नाही. रूमवर राहणारी मुलं घरी राहणाऱ्यांपेक्षा कमी झोपतात का? पाहणी करून झोप आणि गुण यांचा सहसंबंध निघेल, पण झोप नाही म्हणून गुण कमी की गुण कमी म्हणून झोप नाही, हे त्यातून कळणार नाही. त्यासाठी प्रयोग हवा: चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला झोपेच्या सवयींचं प्रशिक्षण द्यायचं आणि काही आठवड्यांनी दोन्ही गट ताडून बघायचे.

प्रात्यक्षिकात म्युलर-लायर भ्रमाची (टोकांच्या बाणांमुळे सारख्याच रेघा लहान-मोठ्या वाटतात, त्याची) पट्टी हाताळली असेल तर आठवून बघा. सरकती रेघ जुळवायची, चूक मिलिमीटरमध्ये टिपायची, अर्ध्या वेळा रेघ लांब ठेवून सुरुवात करायची, अर्ध्या वेळा आखूड. हे असं उलटसुलट का करायचं, याचं कुतूहल वाटलं असेल तर तुम्ही संशोधनाकडे झुकलेले आहात. जर्नल पूर्ण करण्यापुरतंच केलं असेल तर पीएच.डी.ची वर्षं जड जातील.

आता व्यवहाराचं. संशोधन-अध्यापनासाठी एम.ए.ला ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५०) आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, फक्त नेटमधून मिळते, २०२३ पासून ती दरमहा ३७,००० रुपये आहे. प्राध्यापकाच्या कायम जागा मात्र फार सावकाश निघतात.

क्लिनिकलला एम.ए. पुरत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. पूर्वी त्यासाठी दोन वर्षांचं एम.फिल. हीच ठरलेली वाट होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद झालं, क्लिनिकलला काही काळ मुदतवाढ मिळाली आणि अभ्यासक्रमांची रचना बदलते आहे. म्हणून फी भरण्याआधी त्या वर्षीच्या आरसीआय यादीत संस्थेचं नाव स्वतः बघा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका. बंगळुरूची निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था इथे जागा थोड्या आणि स्पर्धा मोठी असते.

तरीही ज्याला झेपेल त्यानं हीच वाट धरावी, असं मी आग्रहानं सांगेन. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, मराठवाड्यात त्यांतलं एकही नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पद असतं. ते बहुधा कंत्राटी असतं हे खरं, पण काम अस्सल आहे.

संशोधनाचीही इथे तेवढीच गरज आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याला प्रश्नावली देता येत नाही. घरच्यांशी बोलून त्याचे शेवटचे महिने जुळवावे लागतात. ओसरीवर सासू आणि दीर बसलेले असताना त्याची बायको कर्जाबद्दल एक सांगते, आणि त्यांच्या माघारी वेगळं. मुलाखत कुठे आणि कुणासमोर घेतली, यावर नोंदीचा खरेपणा ठरतो. बीड-धाराशिवच्या घरांत वाढलेल्या संशोधकाला हे चटकन उमगतं.

समुपदेशनात शिरणं सगळ्यांत सोपं आहे, आणि धोकाही तिथेच आहे. सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटवर पाटी लावणारे आहेत. अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली केसेस हाताळल्याशिवाय एकट्यानं बसू नका. समोरचा मरणाबद्दल बोलू लागला तर त्याला एकटं सोडू नका, तज्ज्ञाकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालतो, तो पाठच असू द्या.

घरची परिस्थिती किंवा घरच्यांची परवानगी नसल्यानं ज्यांना, विशेषतः मुलींना, बाहेर जाता येत नाही, त्यांनी छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात किंवा जवळच्या कॉलेजात नियमित एम.ए. करावं. पत्राद्वारे करण्याचा विचार सोडा, २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीनं मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवलेत. आणि एम.ए.ला सांख्यिकीचा पेपर नुसता पास होण्यापुरता करू नका. चाचणीचे गुण वाचायला, पाहणी तपासायला, नेटच्या तयारीला, तिन्ही वाटांवर तो लागतोच.