पिच करेक्शन प्लगइन : घ्यावं का? सविस्तर रिव्ह्यू

स्वतःचं गाणं रेकॉर्ड करणारे बरेच जण विचारतात की पिच करेक्शनचं प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचं, चुकलेला सूर दुरुस्त करणारं छोटं सॉफ्टवेअर) घ्यावं का, तर मी बरेच महिने एक वापरतेय म्हणून लिहिते. कंपनीचं नाव देत नाही कारण या सगळ्यांचं काम थोड्याफार फरकाने सारखंच चालतं. तुम्ही गाताना ते आवाजाची फ्रिक्वेन्सी सतत मोजत राहतं, जवळचा सूर कुठला ते ठरवतं आणि आवाज तिकडे ओढतं. किती झटकन ओढायचं ते रिट्यून स्पीडच्या स्लायडरवर असतं, आणि माझ्या मते अख्ख्या प्लगइनमध्ये महत्त्वाची गोष्ट हीच.

आधी चांगलं सांगते. कधीकधी एखादा टेक (म्हणजे एकदा गाऊन केलेलं रेकॉर्डिंग) असा येतो की आवाजात जीव असतो, शब्द आतून आलेले असतात, पण शेवटच्या ओळीत वरचा सूर जरासा पडलेला असतो. पूर्वी असा टेक सोडून द्यायची वेळ यायची आणि सुरात असलेला पण कोरडा टेक ठेवावा लागायचा. आता ग्राफ मोड (गायलेले सूर रेषेसारखे दाखवणारा स्क्रीन) उघडायचा, तेवढा एकच सूर पकडायचा, 25-30 सेंट वर उचलायचा (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर 100 सेंट असतं) आणि बाकी कशालाही हात लावायचा नाही. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही आणि जिवंत टेक वाचतो. फक्त एवढ्यासाठी वापरलंत तरी पैसे वसूल.

आता त्रास कुठे होतो ते. प्लगइन लावल्या लावल्या जे सेटिंग येतं ते क्रोमॅटिक (म्हणजे सप्तकातले बाराही सूर धरणारं) आणि भरभर ओढणारं, आणि बहुतेक जण तेच ठेवतात. मी सा पासून ग पर्यंत सावकाश मींड घेतली (म्हणजे न तुटता सरकत गेले) तर वाटेतल्या प्रत्येक सुरावर ते आवाज पकडून धरतं, म्हणजे उतारावरून घरंगळत जायच्या ऐवजी जिना चढल्यासारखं ऐकू येतं. आवाजातला कंप सेकंदाला साधारण 5 ते 7 वेळा हलतो, तोही सपाट होतो. श्वास आणि 'स', 'श' यांना मुळात सूरच नसतो, तिथे ते गोंधळतं आणि चरचर येते.

सगळ्यात जास्त चीड मला गंधाराची, म्हणजे 'ग' ची, आली. तंबोऱ्याबरोबर नीट लागलेला शुद्ध गंधार षड्जापासून (म्हणजे 'सा' पासून) साधारण 386 सेंटवर असतो आणि प्लगइनच्या ठरीव सप्तकात तो 400 वर आहे. म्हणजे रियाज करून, कान लावून तुम्ही गंधार जुळवायचा आणि सॉफ्टवेअरने त्याला बेसूर समजून 14 सेंट वर चढवायचं!! पाठीमागे तंबोरा चालू असेल तर हा फरक लगेच टोचतो. स्वतःचं ट्यूनिंग भरायची सोय आहे, नाही असं नाही, पण ती मेनूत इतकी आत दडवलीय की नवीन माणसाला सापडणारच नाही. मग हळूहळू सगळ्यांचा गंधार एकसारखा होतो आणि तोच बरोबर वाटायला लागतो, याची मला खरंच काळजी वाटते.

यातलं पहिलं गाजलेलं सॉफ्टवेअर ऑटो-ट्यून, 1997 चं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेल शोधण्यासाठी जमिनीतून परत येणाऱ्या लहरींचं विश्लेषण करायचे आणि त्याच जातीचं गणित त्यांनी आवाजाला लावलं. गणित जबरदस्त आहे यात वाद नाही, पण सूर चुकून खाली राहिला की गाणाऱ्याने मुद्दाम खाली ठेवला हे त्या गणिताला कसं कळणार, ते गाणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

यंत्र आलं की कला संपली असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. 1925 च्या सुमारास मायक्रोफोन वापरून रेकॉर्डिंग सुरू झालं, त्याआधी गायकांना भोंग्यासमोर जोर लावून गावं लागायचं. माइकमुळे कानाशी बोलल्यासारखं हळू गाणं रेकॉर्डवर येऊ शकलं, म्हणजे यंत्राने गाण्याला एक नवी जागाच दिली. 1980 च्या लिन एलएम-1 या ड्रम मशीनमध्ये ठोके ग्रिडवर (म्हणजे अगदी मोजून समान अंतरावर) बसवायची सोय होती तशी ते थोडे मागेपुढे झुलवायची सोयही होती, बनवणाऱ्याला लय कळत होती. आणि रिट्यून स्पीड शून्यावर नेऊन यंत्रासारखा आवाज काढणं ही तर कित्येक कलाकारांनी मुद्दाम निवडलेली शैली आहे, त्यालाही माझी काहीच हरकत नाही. हरकत आहे ती कोणीच काही न निवडता आपोआप लागलेल्या सेटिंगला.

अजून एक, गाताना हेडफोनमध्ये दुरुस्त झालेला आवाज ऐकू नका. आपला खरा सूर कुठे लागतोय ते कळेनासं होतं आणि कान स्वतःहून दुरुस्ती करायचं सोडतो. टेक घेताना प्लगइन बंदच ठेवा. एडिटिंगलाही आधी डोळे मिटून पूर्ण गाणं ऐका, खटकलेल्या जागा लिहून ठेवा आणि मगच ग्राफ उघडा, कारण ग्राफवर सूर रेषेच्या जरा बाहेर दिसला की हात शिवशिवतात आणि चांगल्या जागाही माणूस पुसून टाकतो.

शिकत असाल तर सध्या घेऊ नका. गाणं बसलेलं असेल आणि रेकॉर्डिंग करत असाल तर जरूर घ्या, माझ्याकडून 5 पैकी 3.5 स्टार. सुरुवातीचं सेटिंग सावकाश ठेवलं आणि ट्यूनिंगचा पर्याय पहिल्याच स्क्रीनवर आणला तर अर्धा स्टार वाढवेन. ट्रायल मिळाली तर संथ मींडेची ओळ गाऊन बघा, जलद तानेत यातल्या उणिवा लक्षात येत नाहीत.