व्हॉट्सॲपमधलं वर्तुळ, जेमिनी की चॅटजीपीटी? मालवण तालुक्यातल्या घरातून पाहताना

गेल्या पावसाळ्यात पुण्याहून आलेल्या वहिनीने आमच्या आचऱ्याच्या घरी फोनमधल्या चॅटबॉटला, म्हणजे प्रश्नाला उत्तर देणाऱ्या यंत्राला, विचारलं, "मोरी साफ कशी करायची?" ओट्यावर बाजारातून आणलेली दोन किलोची मोरी पडली होती. उत्तर आलं, ब्लीचिंग पावडर टाका, पंधरा मिनिटं ठेवा, खराट्याने घासा. यात यंत्राची चूक अर्धीच. घाटावर मोरी म्हणजे न्हाणीची जागा, आमच्याकडे शार्क मासा. वहिनीने पुन्हा "मोरी मासा, खरखरीत कातडी, कालवणासाठी" असं विचारलं, तेव्हा उत्तर बरोबर आलं: वरून कढत पाणी ओता आणि सुरीच्या पाठीने खरवडा. वर हेही सांगितलं, की या माशाच्या मांसात युरिया असतो, मासा शिळा होत गेला की त्याचा अमोनिया होतो, म्हणून तो उग्र वास. आई चाळीस वर्षं मोरी करते, पण हे कारण तिलाही तेव्हाच कळलं.

नात्यातले, वाडीतले लोक आता सारखं विचारतात, व्हॉट्सॲपमधलं मेटा एआय, गूगलचं जेमिनी की चॅटजीपीटी, यातला कुठला चॅटबॉट घेऊ? माझं म्हणणं असं, की पहिले दोन दिवस ज्याचं उत्तर आपल्याला पक्कं ठाऊक आहे तेवढंच विचारावं. मी "आगळ आणि आमसूल यांत फरक काय" हा प्रश्न ठेवला आहे. आगळ म्हणजे पिकलेल्या रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, मीठ घालून काढलेला रस. आमसूल म्हणजे त्याच फळाची सालं रसात पुन्हापुन्हा भिजवून उन्हात वाळवलेली. एका चॅटबॉटने मला आगळ म्हणजे दाराचा अडसर सांगितला. मराठीत तोही अर्थ आहे, पण सोबत आमसूल लिहिलेलं असताना तो निघायला नको होता. आंबा बागायतदाराने मोहोरावरच्या तुडतुडा किडीबद्दल विचारावं, रापणीवाल्याने (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्याने) पेडवे माशांबद्दल. आपल्या माहितीतल्या विषयात तो कुठे चुकतो हे एकदा डोळ्यांनी पाहिलं, की माहिती नसलेल्या विषयात त्याच्यावर किती विसंबायचं याचा अंदाज येतो.

तो का चुकतो, हेही समजून घ्यायला हवं. प्रचंड मजकूर वाचून, कुठल्या शब्दामागे कुठला शब्द येतो याचा अंदाज बांधत तो वाक्य तयार करतो. माहीत असलेलं आणि जुळवलेलं तो एकाच आत्मविश्वासाने सांगतो. इंटरनेटवर इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर थोडा, मालवणी तर त्याहून थोडी. म्हणून "उद्या पावस पडतलो काय?" हे त्याला कळेलही, पण उत्तर मालवणीत मागू नका, शब्द ओढूनताणून येतात.

आता तिघांकडे वळतो. ज्याच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपपलीकडे काही उघडलं जात नाही, त्याला मेटा एआय सर्वांत जवळचं. वेगळं ॲप नको, खातं नको, ते रंगीत वर्तुळ दाबलं की झालं. भारतात ते जून २०२४ मध्ये इंग्रजीतून सुरू झालं, हिंदी पुढच्या महिन्यात आली. कालवणात मीठ जास्त झालं, मुलाच्या निबंधाला मुद्दे हवेत, एवढ्याला ते पुरतं. एक मात्र घरातल्या प्रत्येकाला सांगा: कुटुंबाच्या ग्रुपमध्ये त्याला हाक मारून विचारलं, तर प्रश्न आणि उत्तर दोन्ही सगळा ग्रुप वाचतो. दुखण्याखुपण्याचं, पैशाअडक्याचं तिथे विचारू नये.

वयस्कर माणसासाठी माझं मत मात्र जेमिनीला. गूगलने त्याचं ॲप जून २०२४ मध्ये भारतात आणलं ते नऊ भारतीय भाषांसकट, आणि त्यात मराठी होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये समोरासमोर बोलल्यासारखं बोलायची सोयही या भाषांसाठी जाहीर झाली. अँड्रॉइड फोनवर गूगलचं खातं आधीच असतं, त्यामुळे नवा पासवर्ड लक्षात ठेवायचा त्रास नाही. माझ्या आईला टाइप करायला कंटाळा येतो आणि चष्मा सापडत नाही. ती माइक दाबून बोलते. बोलणं चालू ठेवायला नेटवर्क सलग लागतं, आणि आमच्याकडे ते माडीवरच्या खिडकीशी मिळतं. टाइप केलेला प्रश्न अगदी तुटक नेटवर्कवरही जातो. पावसात लाइट गेली, टॉवर बंद पडला, की तिघांपैकी कोणीच कामाचं नाही.

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं आणि हा सगळा प्रकार लोकांना त्याच्यामुळे कळला. एकाच विषयावर पाच-सहा वेळा मागेपुढे करायचं असेल तर मी तेच उघडतो. ग्रामपंचायतीला पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, दुरुस्तीचा अर्ज लिहायचा होता. पहिला मसुदा फार अवघड सरकारी भाषेत आला. मी लिहिलं, "सरपंच आमच्या ओळखीचे आहेत, साधं लिही, पण तारीख आणि मागणी स्पष्ट ठेव." तिसऱ्या खेपेला अर्ज देण्याजोगा झाला. असं परत परत सांगायची सवय ज्याला लागेल, त्याला याचा फायदा सर्वांत जास्त. क्लॉड, कोपायलट हेही याच कामाचे आहेत. पर्प्लेक्सिटी उत्तराबरोबर माहिती कुठून घेतली तेही दाखवतं. पण सुरुवातीलाच पाच ॲप टाकू नका, एकही नीट हाताळलं जात नाही.

बदलणाऱ्या गोष्टींत तिघांनाही एकच अट लावा: "आत्ता इंटरनेटवर शोधून सांग आणि दुवा दे." याला आमच्याकडचं उदाहरण कोकण रेल्वेचं. तिचं पावसाळी वेळापत्रक वर्षानुवर्षं १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर झालं. जुन्या वाचनावरून उत्तर देणारा यंत्रमित्र ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबईला परतणाऱ्याला चुकीची वेळ सांगू शकतो. समुद्राचंही तसंच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते हे तो बरोबर सांगेल, पण होडी आज सोडायची की नाही हे हवामान खात्याच्या इशाऱ्यावरूनच ठरवायचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, ते दिवस आठवले की या बाबतीत मी कोणालाही सूट देत नाही.

बागेचं काम मधल्या जातीचं. फवारणीचं औषध आणि मात्रा चॅटबॉटला विचारून ठरवू नका. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं आंबा मोहोर संरक्षणाचं वेळापत्रक असतं, ते प्रमाण माना. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक फुकट आहे आणि पलीकडचा माणूस मराठी बोलतो. मात्र त्या वेळापत्रकाचा फोटो देऊन "हे सोप्या शब्दांत सांग" म्हणायला हरकत नाही. माप १० लिटरला दिलेलं असेल आणि पिंप २०० लिटरचं, तर वीसपट होतं. तो हिशेब त्याने केला तरी कागदावर एकदा ताडून पाहा.

आणि फुरसं चावलं तर फोनवर फक्त १०८ लावायचा. पाय हलवू न देता सरकारी रुग्णालय गाठायचं. सर्पविषाची लस तिथे मिळते. भारतात जी बहुविध लस देतात ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर चालते, त्यामुळे साप ओळखत किंवा फोटो पाठवून विचारत बसायचं कारण नाही. विंचवाचंही तेच. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातले किती जीव वाचवले, पण ते औषध डॉक्टरच्याच हातून घ्यायचं असतं.

पैशांचं लवकर उरकतं. रोजच्या प्रश्नांना तिघांचंही फुकट रूप पुरतं. चॅटजीपीटीने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतासाठी महिना ३९९ रुपयांची योजना आणली, आणि मोबाइल कंपन्याही रिचार्जबरोबर काही ना काही देतात. फुकट म्हणून घेतलेल्या योजनेला खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी जोडलेली आहे का, तेवढं पाहा.

चॅटजीपीटीच्या सेटिंगमध्ये तुमचं बोलणं त्या यंत्राला शिकवायला वापरू देणारी कळ असते. ती मी पहिल्याच दिवशी बंद करून देतो. कळ बंद असो वा चालू, आधार क्रमांक, ओटीपी, बँकेचं पासबुक यांतलं काही तिथे जाऊ द्यायचं नाही. आईने परवा वीजबिलाचा फोटो काढला. ग्राहक क्रमांकावर तिने आधी अंगठा ठेवला, मग माइक दाबून विचारलं, "ह्यो स्थिर आकार आणि वहन आकार म्हणजे काय?"