बाथरूमला टाइल की पॅनल? दोन्ही लावून पाहिल्यावर

आमच्या पुण्यातल्या फ्लॅटला दोन बाथरूम. आईच्या खोलीतल्याला भिंतींवर पीव्हीसीचे, म्हणजे प्लॅस्टिकचे पॅनल लावले, कारण तिला दमा आहे आणि तोडफोडीची धूळ नको होती. बाहेरच्याला दीड वर्षाने टाइल लावल्या. त्यामुळे घर तेच, टँकरचं पाणीही तेच.

पॅनलचं कौतुक आधी. जुन्या टाइलवरच बसले, दोन दिवसांत काम उरकलं. राडारोडा नाही, सेक्रेटरींचा फोन नाही. टाइलच्या वेळी मात्र सोसायटीने फोडायला सकाळी १० ते १ एवढाच वेळ दिला होता आणि आमचा गवंडी उगवायचा साडेअकराला. पंधरा दिवस गेले. खर्चही वॉटरप्रूफिंग धरून जवळपास दुप्पट झाला. तुमच्याकडे फरक कमी-जास्त असू शकेल.

मग बिनसलं कुठे? पॅनलच्या खालच्या कडेला. हा पॅनल आतून पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा पोकळ असतो. आमच्याकडे बादली-तांब्याची आंघोळ, सगळं पाणी उडतं ते गुडघ्याखालीच. कापलेली कड पट्टीत बसवून सिलिकॉन भरलं होतं. सात-आठ महिन्यांत ते काळं पडलं आणि एका कोपऱ्यात सुटलं. आंघोळ होऊन तास उलटला, वायपर मारून फरशी कोरडी केली, तरी त्या कोपऱ्यातून नहाणी ट्रॅपकडे (फरशीतल्या जाळीकडे) पाण्याची बारीक रेघ निघायची. आई रोज विचारायची, "नळ नीट बंद केलास का रे?" खरवडून दोनदा नवं सिलिकॉन भरलं, दोन्ही वेळा काही महिन्यांनी तेच. वर मागून कुबट वास. कदाचित आमचा फिटरच घाईतला असेल, आणि भरीव पॅनलला हा त्रास कमी होत असेल. पण ती रेघ माझ्या डोक्यात बसली ती बसलीच.

टाइलमध्येही डोकेदुखी आहे, ती सांध्यांची. व्हाइट सिमेंट काळं पडणार हे ठरलेलं, म्हणून सांध्यांत इपॉक्सी ग्राउट, म्हणजे रेझिनचं मिश्रण भरलं. ते महाग पडतं, आणि सुकायच्या आत पुसलं नाही तर टाइलवर चिकट धुरकट थर राहतो. आमच्या दोन टाइलवर अजून आहे. टँकरच्या पाण्याचे पांढरे डाग तर दोन्हीकडे सारखेच. मिस्त्री जायच्या आधी मी नाण्याने टकटक करून भिंत तपासली. दोन टाइल पोकळ वाजल्या, म्हणजे मागे मसाला नीट भरला नव्हता, त्या काढून पुन्हा बसवून घेतल्या. पॅनल सगळाच पोकळ वाजतो, तिथे तपासणार काय? गीझरचे स्क्रू आवळतानाही तो आत दबला होता.

भाड्याचं घर असेल, किंवा काचेआड शॉवर घेऊन बाकी भिंती कोरड्या राहत असतील, तर पॅनलला मी नाही म्हणणार नाही. पण खालच्यांच्या छताला ओल आली असेल तर तो विषय काढूच नका. पॅनल ओल झाकतो, थांबवत नाही.

आईच्या बाथरूमचे पॅनल येत्या उन्हाळ्यात निघतील. धुळीचे पंधरा दिवस ती ताईकडे राहणार आहे.