ओटीपी मी कुणालाच सांगितला नव्हता

गावात माझं झेरॉक्स, रिचार्ज आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. "अनोळखी लिंक दाबू नका हो" हे मी रोज चार जणांना सांगतो. आणि गेले ते माझेच, ३९,४९८ रुपये. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या.

मे महिन्यातला दुसरा शनिवार. पुतण्या मुंबईहून सुट्टीला आलेला. आदल्या रात्री विजा कडाडल्या, लाइट दहादा गेली-आली आणि राउटर अडकला, म्हणून मी मागच्या भोकात टाचणी खुपसून तो रीसेट केला, यूजरनेम-पासवर्ड परत घातला. तेव्हापासून व्हॉट्सॲप चालू, व्हिडिओ चालू, पण पोराचा गेम सर्व्हरला जोडतच नव्हता. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तोच गेम सुरळीत. म्हणजे घोळ राउटरात, एवढं मला कळत होतं.

नेटची लाइन बघणारा पोरगा आंब्याच्या गडबडीत, फोन उचलेना. मग नेटवर कंपनीचं कस्टमर केअर शोधलं आणि सगळ्यात वर दिसला तो नंबर लावला. साधा दहा आकडी मोबाइल नंबर होता. पहिल्या रिंगला उचलला. खऱ्या कस्टमर केअरने पहिल्या रिंगला फोन उचललेला कोणी पाहिलाय?

पण ते सोडा. त्याचं दुसरंच वाक्य होतं, "सर, आपली कंपनी कोणती?"

अरे, तू कंपनीतून बोलतोयस ना? आणि मी सांगितलं! वर नावाचं स्पेलिंगही सांगितलं. रात्री झोप लागत नाही तेव्हा मला पैसे नाही आठवत, ते स्पेलिंग आठवतं.

मग तो म्हणाला, गेमिंगचे पोर्ट, म्हणजे गेमचा डेटा ये-जा करायच्या वाटा, ब्लॉक आहेत, अनलॉक करून देतो, ५ रुपये रजिस्ट्रेशन. 'पोर्ट' शब्द ऐकून मला माणूस जाणकार वाटला. त्याने स्क्रीन शेअर करायचं ॲप घ्यायला लावलं. पुतण्या म्हणाला, "काका, राउटर भिंतीवर आहे, मग ॲप मोबाइलमध्ये कशाला?" मी म्हटलं, "गप रे, त्यांना बोलू दे." खळ्यात सोलं वाळत घालणाऱ्या आईनेही विचारलं, "कोणाक सर सर म्हणतस रे?" तिलाही गप्प केलं.

लिंकवर डेबिट कार्डाचा नंबर, तारीख, मागचे तीन आकडे भरले. ५ रुपये 'फेल', परत करा. परत 'फेल'. तेवढ्यात मोबाइलच्या वरच्या पट्टीत ओटीपी येत होते. मी ते कुणाला सांगितले नाहीत, हे देवावर हात ठेवून सांगेन. सांगायची गरजच नव्हती, माझी स्क्रीन तो बघत होता. २४,९९९ गेले. मग ९,९९९.

४ वाजून २० मिनिटांनी १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन, लावला. बिझी. बँकेच्या हेल्पलाइनला लागलो, "कार्ड ब्लॉक झालं" असं बाईंनी ४:३१ ला सांगितलं. ४:३८ ला आणखी ४,५०० कापले! असं झालं की आधी नेट बंद करा, मोबाइल फ्लाइट मोडवर टाका आणि दुसऱ्याच्या फोनवरून बोला. मी त्याच फोनवर बोलत बसलो, ते ॲप तसंच चालू ठेवून.

१९३० पाच वाजून पंचावन्नला लागला. दुसरा शनिवार, शाखा बंद. सोमवारी साहेब म्हणाले, "ओटीपी तुमच्याच फोनवर आला, म्हणजे व्यवहार तुमचाच." ४,५०० चं काय, ते तर कळवल्यानंतर गेले? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं होतं की, चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. प्रिंट काढून नेली. साहेबांनी ती टाचून ठेवली, वाचली नाही. कळवल्याचा तक्रार क्रमांक लगेच घ्या, मी घेतला नव्हता.

पोलिसांची तर वेगळीच तऱ्हा. आमचं गाव खाडीकाठी, दोन जिल्ह्यांच्या हद्दीवर. इकडचे म्हणाले खातं पलीकडच्या शाखेत, तिकडे जा. तिकडचे म्हणाले तुम्ही राहता तिकडे. दोन दिवस, ३४० रुपये पेट्रोल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते. हे बोललो तर हवालदार म्हणाले, "तुम्ही वकील काय? मग फसलात कसे?" शेवटी तक्रार घेतली ती साध्या अर्जावर, पोच म्हणून नुसता शिक्का.

भामट्यांना पैसे काढायचे असतात म्हणून ते मोबाइल मागतात, राउटर दुरुस्त करायला स्क्रीन शेअर करायचं ॲप लागत नाही. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की बऱ्याच राउटरची सेटिंग उघडते. आणि कंपनीने नेटवरचा एकच पत्ता बऱ्याच जणांत वाटलेला असेल, म्हणजे राउटरचा वॅन आयपी (कंपनीकडून राउटरला मिळालेला पत्ता) १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर राउटरात पोर्ट उघडून बाहेरून काही आत येत नाही, कोणी कितीही पैसे घेतले तरी. कस्टमर केअरचा नंबर बिलावर असतो, तिथूनच घ्या.

गेम पुतण्यानेच रविवारी सुरू केला. रीसेटनंतर राउटरची फायरवॉल, म्हणजे नको तो डेटा अडवणारी सेटिंग, 'हाय'वर गेली होती, ती त्याने 'मीडियम' केली. चार मिनिटं लागली. ते ५ रुपये मात्र आजपर्यंत कापले गेले नाहीत.