गोल तळाच्या अल्ट्रा लो अटॅचमेंट ९६ वेल प्लेट्स: थ्रीडी कल्चरवर औषधं टेस्ट करणाऱ्यांनी घ्याव्यात का?

आमच्या लॅबमध्ये कॅन्सरच्या सेल लाइन्सवर (लॅबमध्ये सतत वाढवत ठेवलेल्या पेशींवर) औषधं टेस्ट करतात आणि साध्या चपट्या कल्चरवरून, जिथे पेशी तळाला चिकटून पसरतात, थ्रीडीकडे, म्हणजे पेशींचे गोळे वाढवण्याकडे वळल्यापासून आम्ही ह्याच प्लेट्स वापरतोय. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वापरून झाल्या, नाव कुणाचंच लिहीत नाही कारण गुणदोष थोड्याफार फरकाने सगळ्यांचे तेच आहेत.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, प्लेटमध्ये ९६ वेल, म्हणजे छोटे खळगे असतात, वेलचा तळ वाटीसारखा गोल असतो आणि त्यावर हायड्रोजेलचा (पाणी धरून ठेवणाऱ्या जेलचा) कोट असतो, पेशींना चिकटायला काही मिळतच नाही, मग त्या एकमेकींना धरतात आणि एका वेलमध्ये एकच गोळा, म्हणजे स्फेरॉइड, तयार होतो. एचसीटी-११६ ह्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या लाइनच्या हजारेक पेशी घातल्या आणि प्लेट हलकीच सेंट्रिफ्यूज केली की दुसऱ्या दिवशी सैलसर चकती दिसते, आणखी दोन-तीन दिवसांत कडा स्वच्छ असलेला घट्ट गोळा. आख्खी रांग मायक्रोस्कोपखाली सरकवत बघा, सगळे जवळपास एकाच मापाचे. मला विचाराल तर पैसे ह्याच एका गोष्टीचे आहेत.

कारण माप बदललं की औषधाचा परिणामच बदलतो. ऑक्सिजन साधारण १५० ते २०० मायक्रॉनपर्यंतच आत झिरपतो, त्यामुळे ५०० मायक्रॉनचा गोळा झाला की मधल्या पेशी उपाशी राहतात, विभाजन थांबवतात, आणि विभाजन होणाऱ्या पेशींनाच मारणारी केमोची औषधं त्यांचं फारसं काही बिघडवू शकत नाहीत. गोळे लहानमोठे असले तर फरक डोसमुळे पडला की मापामुळे हे कळणार कसं? डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध स्वतःच लाल चमकतं, ते घालून काही तासांनी कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर (गोळ्याच्या आतला थर दाखवणाऱ्या) बघा, बाहेरून लाल कडं आणि आत काळोख. चपट्या कल्चरमध्ये हेच औषध एकूण एक पेशीपर्यंत पोचतं आणि आपल्याला वाटतं काय जबरदस्त औषध आहे! ट्यूमरमध्ये तसं होत नाही, म्हणून ही टेस्ट मला इतकी मोलाची वाटते.

आता त्रास. मीडियम (पेशींचं पोषक द्रव) बदलताना गोळा पिपेटच्या टिपमध्ये ओढला जातो, त्यामुळे पूर्ण काढायचंच नाही, टिप भिंतीला टेकवून अर्धंच काढायचं, आणि औषध घालताना आहे त्या १०० मायक्रोलिटरवर दुप्पट तीव्रतेचं १०० मायक्रोलिटर घालायचं, म्हणजे गोळ्याला हात लावावाच लागत नाही. कडेच्या वेलमधलं पाणी उडतं, तिथे पेशी न घालता नुसतं पीबीएस (मिठाचं बफर पाणी) भरा. आणि किती पेशी जिवंत आहेत हे मोजायला एमटीटी ह्या रंगाच्या टेस्टच्या भरवशावर राहू नका, रंग आतपर्यंत नीट जात नाही आणि त्यापासून पेशींत तयार होणारं फॉर्मझानही धड विरघळत नाही. थ्रीडीसाठीची एटीपी अ‍ॅसे (जिवंत पेशींतलं एटीपी उजेडावरून मोजणारी टेस्ट) घ्या, नीट शेक करा, आणि प्लेट पारदर्शक असेल तर रीडिंगआधी सगळं पांढऱ्या प्लेटमध्ये काढा नाहीतर शेजारच्या वेलचा उजेड मिसळतो.

सगळ्याच लाइन्स गोळा करतात असंही नाही हं. एमडीए-एमबी-२३१ ही स्तनाच्या कॅन्सरची लाइन घातली तर सैल पुंजकाच मिळतो, थोडं मॅट्रिजेल (पेशींना आधार देणारं प्रथिनांचं जेल) घातलं की आवळतो, पण मॅट्रिजेल उंदराच्या ट्यूमरमधून काढलेलं असतं आणि लॉट (उत्पादनाची खेप) बदलला की थोडं बदलतं, म्हणून एका प्रयोगाला एकच लॉट ठेवा.

किंमत साध्या प्लेटच्या कितीतरी पट आहे, पोस्ट डॉक किंवा पीएचडीच्या तुटपुंज्या ग्रांटला ती झेपत नाही हे मान्यच. प्रोटोकॉल बसवेपर्यंत साध्या चपट्या ९६ वेलमध्ये दीड टक्का अगारोजचा (समुद्री शेवाळापासूनच्या जेलचा) थर देऊन काम चालवा, गोळे होतात, पण थर गार होताना कधी उंच कधी खोल बसतो आणि माप हलतं. शेवटच्या डोस कर्व्हसाठी (कोणत्या डोसला किती परिणाम ह्याच्या आलेखासाठी) मात्र तयार प्लेटच घ्या.

एक लक्षात ठेवा, ह्या गोळ्यात रक्तवाहिन्या नाहीत, इम्यून पेशी नाहीत, यकृतात औषधाचं पुढे काय होतं तेही इथे दिसत नाही. तरीसुद्धा २०२३ मध्ये आपल्याकडे नवीन औषधांच्या नियमांत बदल होऊन प्राण्यांऐवजी अशा पेशींवरच्या पद्धतींना जागा मिळाली ह्याचा मला मनापासून आनंद आहे, तेव्हा हे तंत्र हातात बसवून घ्याच.

कोटेशन मागवताना गोल तळ असं स्पष्ट लिहा. अल्ट्रा लो अटॅचमेंट नाव सपाट तळाच्या प्लेटलाही असतं आणि तिच्यात एका वेलला एक गोळा न होता वेगवेगळ्या मापाचे बरेच छोटे गोळे होतात, डोस कर्व्हला त्यांचा उपयोग नाही.